थेट आयपीए नको: साध्या लागरकडून क्राफ्ट बिअरकडे जाण्याचा क्रम

क्राफ्ट बिअर (छोट्या, स्वतंत्र कारखान्यांत बनणारी) प्यायचीच असं ठरवून मागवलेला पहिला ग्लास बऱ्याच जणांचा अर्धा टेबलावरच राहतो. कारण बहुतेक वेळा एकच. बरोबरच्या जाणकाराने "अरे, हीच घे" म्हणून हातात आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही भरपूर हॉप्सची कडवट बिअर, दिलेली असते. रोजच्या स्वस्त लागरचा कडवटपणा १० आयबीयूच्या (कडवटपणा मोजण्याचं एकक) आसपास घुटमळणारा, आयपीएचा ४० ते ७०. त्यात राळेचा नाहीतर पिकलेल्या फळांचा दणदणीत वास, आणि अल्कोहोलही जास्त. जिभेला यातलं काहीच ओळखीचं नसतं. मग "हे आपलं काम नाही" म्हणून माणूस जुन्या बिअरकडे परततो, आणि क्राफ्ट बिअर म्हणजे महागडं कडू पाणी हे मत कायमचं होऊन बसतं.

चूक बिअरची नसते आणि पिणाऱ्याचीही नसते. क्रम चुकलेला असतो. बिअर मुळात चार गोष्टींची बनते: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. बार्ली भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवली की झालं माल्ट. बिअरचा रंग, गोडवा आणि अंग, म्हणजे तोंडाला जाणवणारा भरीवपणा, त्यातून येतं. हॉप्स ही वेलीवर येणारी शंकूच्या आकाराची हिरवी फुलं; कडवटपणा आणि बराचसा सुवास त्यांचा. यीस्ट माल्टमधली साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू तयार करतं आणि जाताजाता स्वतःचा वासही सोडतं. नवख्याने एका वेळी यातली एकच गोष्ट बदलावी. बाकीचं ओळखीचं राहिलं की नवं काय आहे ते जिभेला आपोआप कळतं. खालचा सगळा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

सुरुवात घरच्याच बिअरने

नवीन काही विकत घेण्याआधी सध्या जी पिता तीच एकदा नीट चाखा. "बर्फासारखी थंड" ही स्वस्त बिअरची जाहिरात उगाच नसते. तापमान शून्याच्या जवळ असलं की जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. चांगलं-वाईट दोन्ही झाकलं जातं.

तर तुमची नेहमीची बिअर स्वच्छ ग्लासात ओता आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवा. ग्लास हाताला गार लागेल, पण बोटं आखडणार नाहीत इतपत. आता आधी नाक ग्लासात घाला, मग घोट घ्या आणि लगेच न गिळता तोंडात फिरवा. काही बिअरना उकडलेल्या मक्यासारखा गोडसर वास येतो. तो डायमिथाइल सल्फाइडचा. काहींना हिरव्या सफरचंदाचा कच्चा वास येतो, तो अ‍ॅसिटाल्डिहाइडचा. बिअर पुरती मुरण्याआधी बाटलीत भरली की तो हमखास राहतो. पुष्कळ बिअरना मात्र कसलाच ठळक वास येणार नाही, आणि तुम्हाला सापडणारं उत्तर कदाचित हेच असेल.

याचा अर्थ मोठ्या कंपन्यांच्या ब्रुअरना (बिअर बनवणाऱ्यांना) काम येत नाही असा अजिबात नाही. लाखो बाटल्या, वर्षभर, तंतोतंत एकाच चवीच्या काढणं हे अवघड तंत्र आहे, आणि फिकट लागरमध्ये दोष लपवायला जागाच नसते. तांदूळ आणि मका वापरण्यामागेही निव्वळ कंजुषी नव्हती. १९व्या शतकात अमेरिकेत गेलेल्या जर्मन ब्रुअरना तिथली सहा-रांगी बार्ली मिळाली. तिच्यात प्रथिनं जास्त, त्यामुळे बिअर गढूळ आणि जड व्हायची. मका-तांदूळ घातल्यावर ती स्वच्छ आणि हलकी झाली. पुढे तोच हलकेपणा इतका ताणला गेला की माल्ट आणि हॉप्स दोन्ही नावापुरते उरले.

तुम्ही "स्ट्राँग" पिणाऱ्यांपैकी असाल तर याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसेल. घशाला लागणारी ती ऊब आणि मागून येणारा चिकट गोडवा हा बहुतांशी अल्कोहोलचा आणि उरलेल्या साखरेचा असतो. क्राफ्ट बिअरमध्ये ७-८ टक्केवाल्या भरपूर आहेत. पण त्यांत अल्कोहोल जाणवू न देणं ही ब्रुअरची कसोटी मानली जाते. "चढते किती" हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवावा लागेल. ते जमणार नसेल तर पुढचं वाचण्यात तसा फायदा नाही.

पहिली पायरी: लागरच, पण खरी

पहिला बदल शक्य तितका लहान हवा. म्हणून लागर सोडायची नाही, तिची चांगली बहीण शोधायची. पूर्ण माल्टची, म्हणजे तांदूळ-मका नसलेली, म्युनिक पद्धतीची हेलेस मिळाली तर तिच्यापासून सुरुवात करा. श्पाटेन ब्रुअरीने १८९४ मध्ये ती बाजारात आणली. कडवटपणा साधारण १६ ते २२ आयबीयू. नेहमीच्या बिअरच्या शेजारी ठेवून प्यायलात तर पहिल्याच घोटाला पावाच्या सालीसारखी, धान्याची गोडी लागेल. ती माल्टची चव.

तिच्या पुढे पिल्सनर. १८४२ मध्ये बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्सेन शहरात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने ही बिअर पहिल्यांदा बनवली. फिकट माल्ट, जवळच पिकणारे साट्झ हॉप्स आणि शहराचं अत्यंत मृदू पाणी, असा तो योग होता. आज जगात खपणारी बहुतेक सगळी पिवळी लागर याच बिअरची पातळ होत गेलेली वंशज आहे. मूळ पिल्सनर उर्क्वेल अजून तिथेच बनते आणि पुष्कळ देशांत मिळते. ती घेऊन तुमच्या नेहमीच्या बिअरशेजारी ठेवा आणि दोन्ही आलटून पालटून प्या. पिल्सनरचा रंग गडद सोनेरी, फेस दाट, ग्लासाच्या कडेला घोटागणिक फेसाचं एकेक कडं उमटत जाणारा. वास ताज्या गवताचा, थोडा फुलांचा, थोडा मसालेदार. आणि गिळल्यावर मागे रेंगाळणारा स्वच्छ कडवटपणा.

इथे आयबीयूबद्दल एक खुलासा. एका लिटर बिअरमध्ये हॉप्समधली कडू आम्लं साधारण किती मिलिग्रॅम उतरली त्याचा हा आकडा. पण आकडा आणि जिभेला जाणवणारा कडवटपणा वेगळे. पिल्सनर उर्क्वेलचा आकडा ४० च्या घरात जातो, तरी ती आयपीएसारखी अंगावर येत नाही, कारण पाठीशी माल्टचं अंग आहे. उलट ६० आयबीयूची इम्पिरियल स्टाउट ही काळी, ताकदवान बिअर चक्क गोड लागू शकते. लेबलवर आयबीयू छापलेला असेल तर त्याकडे अंदाज म्हणून पाहा, भिऊ नका.

या पायरीवर घाई करू नका असं मी सगळ्यांना सांगतो. क्राफ्टच्या नादात लोक चांगल्या पिल्सनरला "हं, लागरच ना" म्हणून ओलांडून जातात. ब्रुअर मंडळी मात्र काम संपल्यावर स्वतः बहुधा हीच पिताना दिसतात. नव्या ब्रुअरीत गेलात तर आधी तिथली पिल्सनर मागवा. ती साफ असेल तर बाकीचंही विश्वासाने घ्यावं.

दुसरी पायरी: यीस्ट काय करतं ते पाहा

आता गव्हाची बिअर. बव्हेरियन पद्धतीच्या हेफेवाइत्सेनमध्ये निम्म्याहून अधिक माल्ट गव्हाचं असतं आणि हॉप्स अगदी कमी, ८ ते १५ आयबीयू. म्हणजे कडवटपणा तुमच्या जुन्या बिअरइतकाच. तरी पहिल्या वासालाच केळं आणि लवंग येते. त्यात केळंही नसतं आणि लवंगही. दोन्ही वास यीस्टने आंबवताना तयार केलेले: केळ्याचा आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, लवंगेचा फोर-व्हिनाइल ग्वायकोलचा. ब्रुअर आंबवण्याचं तापमान थोडं वर नेतो तेव्हा केळं पुढे येतं, खाली ठेवतो तेव्हा लवंग. नवख्याला यीस्टची करामत इतक्या सहज दाखवणारी दुसरी बिअर नाही.

लागर आणि एल यांतला फरकही इथेच कळतो. रंगाशी किंवा ताकदीशी त्याचा संबंध नाही. लागरचं यीस्ट थंडीत, साधारण ८ ते १३ अंशांवर सावकाश काम करतं आणि नंतर बिअर शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरवली जाते. चव स्वच्छ राहते. एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांच्या उबेत भराभर काम करतं आणि फळांचे, मसाल्यांचे वास सोडतं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी वाढवून दाखवली, तेव्हापासून ब्रुअरला आपल्याला हवं ते यीस्ट हाताशी ठेवता येऊ लागलं.

हेफेवाइत्सेन ओतायची एक रीत आहे आणि ती पाळली नाही तर निम्मी मजा जाते. उंच ग्लास आधी थंड पाण्याने ओला करून घ्या, नाहीतर फेस उतू जाईल. ग्लास चांगला तिरका धरा आणि बिअर कडेवरून हळूहळू सोडा. ग्लास भरत येईल तसा सरळ करत न्या. बाटलीत दोन बोटं बिअर उरली की थांबा. आता बाटली हातात गोल गोल फिरवा. तळाशी बसलेला पांढुरका गाळ सुटून उरलेल्या बिअरमध्ये मिसळेल. तो वरून फेसात ओता. ग्लासातली बिअर बघता बघता ढगाळ होते आणि फेस काठाच्या वर येऊन थांबतो. तो गाळ म्हणजेच यीस्ट, आणि या प्रकारात ते प्यायचंच असतं. बाकीच्या बहुतेक बाटल्यांत तळाचा गाळ तळाशीच ठेवतात. ग्लासाच्या काठावर लिंबाची फोड मात्र नको. लिंबामुळे फेस बसतो आणि जे हुंगायचं तेच झाकलं जातं.

बेल्जियन पद्धतीची व्हिटबिअर ही याच घरातली, पण चाल वेगळी. तिच्यात धने आणि संत्र्याची साल सरळ घातलेली असते. हा प्रकार जवळपास नाहीसा झाला होता. १९६०च्या दशकात हुगार्डन गावात पिअर सेलिस यांनी तो पुन्हा सुरू केला. उन्हाळ्यात, पाहुण्यांना, "मला बिअर आवडत नाही" म्हणणाऱ्यांना द्यायला ही उत्तम.

तिसरी पायरी: काळी बिअर, आणि तिची उगाच वाटणारी भीती

काळी म्हणजे जड, काळी म्हणजे कडक, हा समज सगळीकडे आहे आणि तो चूक आहे. गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के असतं, पुष्कळ पिवळ्या लागरपेक्षा कमी. तिचा तो मऊ, सायीसारखा पोत नायट्रोजनच्या बारीक बुडबुड्यांमुळे येतो. बिअर अंगाने तशी पातळच असते. रंग थोड्या प्रमाणात घातलेल्या भाजक्या बार्लीचा. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी माल्ट भाजण्याच्या फिरत्या ड्रमचं पेटंट घेतलं. त्यानंतर थोड्या काळ्या माल्टमध्ये पूर्ण पिंपाला रंग देता येऊ लागला आणि पोर्टर, स्टाउट आजच्यासारख्या काळ्याभोर झाल्या.

एकदम काळ्यावर जाण्याआधी मधल्या रंगांतून या. अ‍ॅम्बर किंवा व्हिएन्ना लागर, मग म्युनिकची डुंकेल किंवा इंग्लिश ब्राउन एल, मग पोर्टर, मग स्टाउट. माल्ट जितकं जास्त भाजलेलं, तितकी चव भाजक्या पावावरून कॅरॅमलवर, तिथून चॉकलेटवर आणि शेवटी कडक कॉफीवर सरकते. कॉफी बिनसाखरेची पिणाऱ्यांनी पिल्सनरनंतर लगेच इथे उडी मारली तरी चालेल, ते रमतात.

एक सावधगिरी. बाजारात केक, बिस्किट, मिठाईच्या नावाच्या गोडमिट्ट स्टाउट खूप दिसतात. त्यातल्या काही मजेदार असतात, पण त्यांच्यापासून सुरुवात केली की साधी स्टाउट कोरडी आणि अपुरी वाटू लागते. त्या नंतरसाठी ठेवा.

चौथी पायरी: आता हॉप्स

इथवर आलात की आयपीए आता परकी वाटणार नाही. तरी आधी पेल एल. अमेरिकन पेल एल साधारण ३० ते ५० आयबीयूची असते आणि तिच्यात माल्ट अजून ऐकू येतं. सिएरा नेवाडाने १९८० मध्ये बनवायला घेतलेली पेल एल हा या प्रकाराचा आजही वापरला जाणारा मापदंड आहे. तिच्यातले कॅस्केड हॉप्स अमेरिकेत सरकारी संशोधनातून तयार झाले आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांना मिळाले. त्यांचा ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा वास लोकांना आधी विचित्र वाटला. नंतर अख्खी अमेरिकन क्राफ्ट चळवळ त्यावर उभी राहिली.

हॉप्स कधी घातले यावर त्यांचं काम ठरतं. उकळत्या रसात तासभर शिजले की त्यांची अल्फा आम्लं रूप बदलून विरघळतात आणि कडवटपणा देतात; सुवासाची तेलं तोवर वाफेबरोबर उडून गेलेली असतात. शेवटच्या काही मिनिटांत घातले की वास उरतो, कडवटपणा कमी उतरतो. आणि आंबवून झालेल्या थंड बिअरमध्ये नुसते भिजत घातले, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात, की आंबा, पॅशनफ्रूट, पाइनची राळ असले वास भरून येतात. म्हणून "हॉपी" म्हणजे कडूच असं समजू नका.

हा मुद्दा आयपीए निवडताना उपयोगी पडतो, कारण त्या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या बिअर विकल्या जातात. वेस्ट कोस्ट आयपीए स्वच्छ, कोरडी, कडवट, राळेच्या वासाची. हेझी किंवा न्यू इंग्लंड आयपीए फळांच्या रसासारखी गढूळ. तिच्यात ओट्स आणि गहू असल्यामुळे पोत मऊ, आणि हॉप्स बहुतेक उशिरा घातलेले, त्यामुळे कडवटपणा दबलेला. नवख्याने आधी हेझी घ्यावी. हेझीने भुलून वेस्ट कोस्टला कायमचा नकार देऊ नये, एवढंच. माझं वैयक्तिक मत विचाराल तर चांगली वेस्ट कोस्ट ग्लास संपेपर्यंत टिकते. हेझीचे पहिले चार घोट सुंदर आणि मग जीभ थकते.

नावातल्या इंडियाची गोष्टही रंगवून सांगितली जाते: जहाजाच्या लांब प्रवासात बिअर टिकावी म्हणून कुणीतरी मुद्दाम हा प्रकार शोधून काढला, वगैरे. प्रत्यक्षात १८व्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जॉर्ज हॉजसनच्या ब्रुअरीची जी बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून भारतात जाई, तशा जादा हॉप्सच्या पेल बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होत्या. शिवाय त्याच जहाजांतून पोर्टरही भरपूर जायची. पुढे इंग्लंडमधल्याच बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या ब्रुअरनी हा व्यापार काबीज केला. तिथल्या पाण्यात जिप्सम खूप, आणि त्याने हॉप्सचा कडवटपणा अधिक रेखीव होतो.

डबल आयपीए आणि त्यापुढचे प्रकार ८ टक्क्यांच्या आसपास किंवा वर जातात. त्यांना लगेच हात घालायचं काही कारण नाही.

यानंतरच्या वाटा

पुढे क्रम राहत नाही, आवडीप्रमाणे फाटे फुटतात. गोड, गडद, सुकामेव्याच्या चवीचं आवडत असेल तर बेल्जियन दुबेल. फिकट पण ताकदवान हवं असेल तर त्रिपेल. शिमे, वेस्टमाल, रोशफोर, ऑर्वाल यांच्या बिअर आजही ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मठांच्या आवारात, मठवासीयांच्या देखरेखीखाली बनतात. ऑर्वाल यात वेगळीच. तिच्यात ब्रेटॅनोमायसीस हे रानटी यीस्ट असतं, त्यामुळे ताजी बाटली आणि वर्षभर ठेवलेली बाटली या जवळपास दोन निराळ्या बिअर असतात.

धुरकट आवडत असेल तर जर्मनीतल्या बाम्बेर्ग शहरातली श्लेंकर्लाची राउखबिअर. तिचं माल्ट बीच लाकडाच्या धुरावर वाळवतात. पहिला घोट बहुतेकांना नको होतो. अर्धा ग्लास होईपर्यंत थांबा.

आंबट बिअर हे स्वतंत्र जग आहे. सोपं दार म्हणजे गोझे: आंबटसर, किंचित खारट, धन्याचा स्पर्श, ४-५ टक्के. अवघड टोक म्हणजे ब्रसेल्सच्या परिसरातली लॅम्बिक. तिच्यात ब्रुअर यीस्ट घालतच नाही. गरम रस उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवतात आणि हवेतले जंतू-यीस्ट त्यात उतरतात. मग लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवली की गझ तयार होते. ब्रसेल्समधली कँटियों ही जुनी ब्रुअरी १९०० पासून हेच करते आहे. ही बिअर आवडलीच पाहिजे असं काही नाही.

विकत घेताना

तारीख बघा. ब्रँडपेक्षा, पदकांपेक्षा, लेबलवरच्या चित्रापेक्षा ही गोष्ट मोठी. हॉप्सचा सुवास सगळ्यात आधी मरतो. आयपीए आणि पेल एल भरल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि तोवरही थंडीत ठेवलेली असेल, तरच घ्या. नुसती "अमुक तारखेपर्यंत वापरा" लिहिलेलं असेल तर फसगत होऊ शकते, कारण मुदत ब्रुअरी स्वतः ठरवते. भरल्याची तारीख छापणारी ब्रुअरी जास्त प्रामाणिक समजावी. जुन्या झालेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. उलट इम्पिरियल स्टाउट, बार्लीवाइन (नावात वाइन असलेली ताकदवान एल), गझ हे प्रकार थंड आणि अंधाऱ्या जागी काही वर्षं सुखाने राहतात, सुधारतातही.

दुसरा शत्रू उजेड. सूर्यप्रकाशातले निळे आणि अतिनील किरण हॉप्सच्या कडू संयुगांना तोडतात आणि त्यातून बनणाऱ्या गंधकयुक्त पदार्थाला स्कंक या प्राण्यासारखी दुर्गंधी येते. स्वच्छ उन्हात हे काही मिनिटांत घडतं. तपकिरी काच बरीच थोपवते, हिरवी आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. दुकानाच्या काचेच्या कपाटात ट्यूबलाइटखाली महिनोन्महिने उभी असलेली हिरवी बाटली सोडून द्या. कॅनमध्ये उजेड शिरत नाही. कॅनमधली बिअर हलक्या प्रतीची हा समज केव्हाच कालबाह्य झाला आहे.

"क्राफ्ट" हा शिक्का गुणवत्तेची हमी नव्हे. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची व्याख्या वर्षाला ६० लाख बॅरलपेक्षा कमी उत्पादन आणि मोठ्या मद्य कंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांपेक्षा कमी अशी आहे. त्यात चवीबद्दल अक्षर नाही. गूज आयलंड २०११ मध्ये अनहॉयझर-बुश इनबेव्हने विकत घेतली, तशा पुष्कळ छोट्या ब्रुअरी मोठ्यांच्या पोटात गेल्या आहेत. आणि खरोखर छोट्या असलेल्या काही ब्रुअरी सरळ वाईट बिअर काढतात. मालक कोण हे जाणून घ्यायला हरकत नाही, पण निकाल ग्लासानेच लावावा.

ग्लास, तापमान आणि बाकीचं

बाटलीतून किंवा कॅनमधून तोंड लावून पिऊ नका, वास नाकापर्यंत पोहोचतच नाही. खास आकाराचे ग्लास नसले तरी चालतात. वर थोडा निमुळता, मध्ये फुगीर असा साधा वाइन ग्लाससुद्धा जवळपास सगळ्याला पुरतो. ग्लास स्वच्छ मात्र हवा. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला की फेस लगेच बसतो. तपासायचं तर ग्लास पाण्यात बुडवून काढा: पाण्याचा पापुद्रा सलग ओघळला तर ठीक, थेंब थेंब होऊन अडकले तर पुन्हा धुवा. बिअर ओतल्यावर काचेला आतून चिकटून बसलेले बुडबुडे हीही मळाचीच खूण.

लागर ४ ते ७ अंशांवर, गव्हाची त्याच्या किंचित वर, पेल एल, आयपीए, पोर्टर ८ ते १२ वर आणि दुबेल, इम्पिरियल स्टाउट यांसारख्या भारी बिअर १२ ते १४ वर. थर्मामीटर नको. फ्रिजमधून काढून हलक्या बिअर लगेच, मधल्या दहा मिनिटांनी आणि भारी अर्ध्या तासाने, एवढं पुरे. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवून बर्फाळ करणं बंद.

ताकदीचा हिशेब एकदा मनाशी करून ठेवा. ३३० मिलिलिटरच्या ५ टक्के बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असतं, ९ टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये २३ ग्रॅम. म्हणजे त्रिपेलच्या दोन बाटल्या जुन्या हिशेबाने साडेतीन होतात, आणि चवीत ते कळत नाही. भारी बाटली तिघा-चौघांत वाटून घ्या, मध्ये पाणी प्या, आणि त्या दिवशी गाडीला हात लावू नका.

ब्रुअरीत किंवा टॅपरूममध्ये गेल्यावर पूर्ण ग्लास मागवण्यापेक्षा चार-पाच छोट्या ग्लासांचा ट्रे घ्या. पिण्याचा क्रम फिकटकडून गडदकडे असा सांगतात, तो अर्धवट खरा. हलकीकडून ताकदवानाकडे आणि कमी हॉप्सकडून जास्त हॉप्सकडे जा. आंबट आणि धुरकट शेवटी. ४ टक्क्यांची काळी स्टाउट ७ टक्क्यांच्या सोनेरी आयपीएच्या आधीच यायला हवी.

आणि टॅपच्या बिअरला लोण्यासारखा वास आणि जिभेवर तुपकट बुळबुळीतपणा जाणवला, किंवा आंबट नसलेल्या बिअरला व्हिनेगरचा दर्प आला, तर ती "क्राफ्टची खासियत" म्हणून मुकाट्याने संपवू नका. लोण्याचा वास डायअ‍ॅसिटिलचा. तो घाईत उरकलेल्या आंबवण्यातून येतो किंवा न धुतलेल्या नळ्यांमधल्या जंतूंपासून. व्हिनेगर बहुधा नळ्यांचंच. दोन घोटांत सांगितलंत तर कुठलाही शहाणा बारवाला ग्लास बदलून देतो. अर्धा ग्लास संपवून मग तक्रार केलीत तर देणार नाही, आणि त्यात त्याचंही चुकत नाही.